विंचूर, वाइन आणि कांदाभजी

विंचूरकरांचे नाव आपण पानिपतच्या संदर्भात वाचतो. विठ्ठल शिवदेव १७६१च्या त्या रणातून जिवंत परतले. त्यांच्या विंचूरचा पत्ता आज निराळ्याच कारणासाठी विचारला जातो. लासलगावशेजारच्या या गावात औद्योगिक विकास महामंडळाने वाइन पार्क वसवले आहे. म्हणून आजचा धागा नाशिकच्या 'ड्राय', म्हणजे कोरड्या, पांढऱ्या वाइनचा.

द्रव पदार्थ कोरडा कसा, हा प्रश्न रास्त आहे. यीस्ट द्राक्षरसातील साखर खाते आणि तिचे अल्कोहोल होते. साखर जवळजवळ संपेपर्यंत हे किण्वन चालू दिले, की उरते ती कोरडी वाइन. नाकाला फळ जाणवते, जिभेला गोडी लागत नाही.

निफाड तालुक्याला द्राक्षे नवी नाहीत. पण ती खाण्याची, थॉमसन सीडलेस. वाइनच्या जाती वेगळ्या. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात गंगापूर धरणाच्या परिसरात सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावल्या आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आणली. दोन्ही जाती फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात नांदणाऱ्या. तिथे वेल हिवाळ्यात झोपते आणि काढणी शरदात होते. आपल्याकडे वेलीला ती झोप नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. माझ्या मते नाशिकच्या वाइनचा खरा शोध हाच आहे: उष्ण प्रदेशात फळातले आम्ल लवकर उतरते, ते इथल्या थंडीच्या रात्री राखून ठेवतात.

हे आम्लच या वाइनचा कणा. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांमध्ये ताजे कापलेले गवत, ढोबळी मिरची, कधी पेरू असे हिरवे गंध येतात. शेनिन अधिक मवाळ. ती अनेकदा किंचित गोड ठेवली जाते, तेव्हा बाटलीवरचा शब्द वाचूनच घ्यावी.

२००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. ज्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा होता, तिथे वाइनला शेतीपूरक उद्योग म्हणून सवलती मिळाल्या! वायनरी वाढल्या, लागवडी वाढल्या. मग २००८ची मंदी आली, मागणी आटली, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळाले खरे. पण तोवर हा हिशेब चुकता झाला होता, आणि यशोगाथा सांगताना तो सहसा गाळला जातो.

आता ताट. काळ्या मसाल्याचे मटण किंवा झणझणीत मिसळ हिच्यासोबत नको: मसाला तिचा गंध बुडवतो आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवते. कोथिंबीर वडीशी मात्र हिरव्याला हिरवे जुळते. चिंचगुळाच्या अळूवडीपुढे किंचित गोड शेनिन बरी. तळलेल्या बोंबलावर लिंबू पिळतो, ते काम इथे वाइनच करते. आणि लासलगावच्या कांद्याची भजी! कांद्याची गोडी आणि तेलाचा तवंग, दोन्ही त्या आम्लाने स्वच्छ कापले जातात.

बाटली ८ ते १० अंशांपर्यंत थंड हवी. एप्रिलच्या उकाड्यात टेबलावर राहिलेली हीच वाइन नुसती आंबट लागते.