बोरू, बासन आणि रुमाल : मेजावरच्या साध्या पेट्यांवर उभे राहिलेले दप्तर

रिकाम्या डब्याला रंगीत कागद चिकटवून पेने ठेवण्याचा डबा आपण सर्वांनीच शाळेच्या कार्यानुभवात केला आहे. या हस्तकलेची मराठी मुलुखातील वंशावळ मोठी आहे, आणि तिच्यावर एके काळी लोकांच्या जमिनी अवलंबून होत्या. आजचा थ्रेड त्याविषयी.

आरंभ समर्थ रामदासांपासून करू. दासबोधाच्या 19 व्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. सुंदर अक्षर कसे काढावे याबद्दल त्याचा उल्लेख नेहमी होतो; शेवटच्या भागाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तेथे रामदास अक्षरावरून साहित्याकडे वळतात. देशोदेशींचे बोरू जमवावेत, शाई वाळवून तिचा साठा करावा, पोथीसाठी बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलपे बाळगावीत, असे ते सांगतात. सतराव्या शतकातील हा एक संन्यासी लेखनाच्या सामानाची इतकी बारीक काळजी करतो, हे मला त्यांच्या कित्येक उपदेशांहून अधिक बोलके वाटते. लिहिणे म्हणजे जपणे, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

आता कारकुनाच्या बैठकीवर या. गादी, पुढ्यात उतरत्या झाकणाचे लाकडी डेस्क आणि शेजारी कलमदान. कलमदान ही सुताराने केलेली लांबट पेटी. तिच्यात बोरू आणि ते तासण्याचा चाकू ठेवायचा, एका टोकाला दौत बसवायची. दौतीत कापडाचा बोळा घालत, म्हणजे ती कलंडली तरी शाई सांडत नसे आणि बोरूला बेताचीच लागे. शाई काजळी आणि डिंक यांची, बहुधा घरीच घोटलेली. फिरतीवरच्या कारकुनासाठी दौत जोडलेले पितळी कलमदान असे. ते कमरेला खोचता येई.

‘कलमदान’ आणि ‘दप्तर’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, आणि त्यात लेखनवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. तरीही दप्तर दप्तरच राहिले. आज तर ते पहिलीतल्या मुलाच्या पाठीवर आहे!

परंतु या साऱ्या साहित्यात खरा राजा म्हणजे रुमाल. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा. कागदांच्या घड्या एकावर एक रचायच्या, चारी टोके आत घेऊन गाठ मारायची, झाले. खिळा नाही, बिजागरी नाही. गाठोडे लहानमोठे करता येते, बैलावर लादता येते, कोनाड्यात किंवा माळ्यावर कोठेही मावते. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आजही रुमालांतच मोजले जाते. त्यांची संख्या सुमारे 39 हजार सांगितली जाते. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यातून निवडक कागदांचे 45 खंड काढले. राज्य 1818 मध्ये गेले; त्याचे कागद गाठोड्यांत राहिले.

गावपातळीवर हे गाठोडे कुलकर्ण्याच्या घरी असे. पाथर्डी तालुक्यातील आमचे तिसगाव घ्या किंवा देशावरचे कोणतेही गाव. जमीन, सारा, वतन यांचे हिशेब वाड्यातल्या फडताळात बांधलेले असत. इंग्रजांनी 1852 च्या 11 व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले, तेव्हा या फडताळांचे मोल एकाएकी कळले. इनाम टिकवायचे तर सनद दाखवा! ज्याच्या घरी मेणकापडातली सनद शाबूत होती, त्याला निदान बोलायला जागा होती. ज्याची सनद वाळवीने खाल्ली, त्याच्याकडे केवळ आजोबांची आठवण उरली, आणि आठवण पुरावा म्हणून चालत नव्हती. हजारो इनामे त्या चौकशीत गेली. सगळीच कागद नसल्यामुळे गेली असे नव्हे, सरकारची नियतही त्याला कारण होती. पण कागद नसलेला माणूस आधीच हरलेला असे.

1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपली आणि काम तलाठ्याकडे गेले. कितीतरी घरांतली जुनी गाठोडी मात्र माळ्यावरच राहिली. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली. त्या वादात कोणाची बाजू काहीही असो, शंभर वर्षांपूर्वीची एक ओळ आजच्या मुलाच्या प्रवेशापर्यंत पोहोचू शकते, हे सर्वांनी पाहिले.

म्हणून एक हस्तकला. घरात मोडी कागद असतील तर धुतलेले, कोरडे, रंग न जाणारे सुती कापड घ्या. अनेक पोथ्यांची बासने जुन्या लुगड्यांची असतात, तेव्हा संकोच नको. कागदाहून थोडे मोठे दोन स्वच्छ पुठ्ठे खाली-वर ठेवा. घडी ठिसूळ असेल तर ती बळेच उलगडू नका. गाठ सैल मारा. वेखंडाची पुरचुंडी गाठोड्याच्या बाहेर, पेटीत ठेवा. चिठ्ठीवर पेन्सिलीने गाव, घराणे आणि वाचता आल्यास साल लिहा. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा काढता येत नाही. मेणकापडाच्या जागी प्लॅस्टिकची पिशवीही नको. तिच्यात ओल कोंडते आणि एका पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते.