स्नानसंस्काराची वही आणि पापनिवेदनाचे मौन

प्रत्येक धर्मग्रामाच्या दप्तरात मानाची वही ती स्नानसंस्काराची होय. तीत बालकाचे नाव, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता व तिथी लिहितात. पुढे दृढीकरण व विवाह यांचीही टीप त्याच नावापुढे होते. पापनिवेदनाची मात्र वहीच नाही. हा भेद कोठून आला, हे जुबिलीच्या प्रसंगी पाहणे उचित होईल.

इ. स. २५० मध्ये रोमचा बादशहा देसियुस याने सर्व प्रजेस देवतांपुढे बली अर्पण करण्याचा हुकूम सोडला. प्राणभयाने पुष्कळ ख्रिस्ती जन डगमगले. छळ ओसरल्यावर तेच अश्रू ढाळीत परत आले. अशांस ख्रिस्तसभेने क्षमा करूच नये, असे रोममध्ये नोवातियानाने प्रतिपादिले. परंतु पोप कॉर्नेलियुस व कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी २५१ मध्ये निर्णय दिला की, योग्य प्रायश्चित्तानंतर त्यांस पदरात घ्यावे. त्यांस पुन्हा स्नानसंस्कार दिला नाही. कारण पहिला पुसला गेलाच नव्हता. ३२५ च्या नायसिया परिषदेनेही, नोवातियानाचे जे धर्मगुरू परत येतील त्यांनी अशा पश्चात्तापी जनांशी सहभागी राहावे, अशी अट घातली.

आरंभी हे प्रायश्चित्त चारचौघांत व बहुधा आयुष्यात एकदाच होई. पुढे आयरिश मठवासीयांच्या प्रयत्नाने एकांतातील व पुनःपुन्हा करावयाचे पापनिवेदन रूढ झाले. १२१५ च्या लातेरान परिषदेने ते वर्षातून एकदा तरी करावे असे ठरविले, व ऐकलेले पाप उघड करणाऱ्या धर्मगुरूस कडक शिक्षा सांगितली. उलट, १५६३ मध्ये त्रेंत परिषदेने धर्मपित्यांची नावे वहीत लिहावीत अशी आज्ञा केली. म्हणजे देवाचे लेकरू झाल्याची नोंद कायमची राहिली, आणि त्या लेकराच्या अपराधाची नोंद कोठेच राहिली नाही.

हीच श्रद्धा मराठीत आणण्यासाठी फादर स्टीफन्स झटले. त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. यार्देन नदीवरील योहानाची कथा मराठी श्रोत्यांस आपल्याच छंदात ऐकावयास मिळाली. वढू बुद्रुकपासून दौंडपर्यंत भीमेच्या खोऱ्यात नदीस्नान व प्रायश्चित्त हे शब्द कोणास शिकवावे लागत नाहीत. मात्र पर्वणीचे स्नान दर पर्वणीस करता येते. आपला स्नानसंस्कार एकदाच होतो. त्यानंतरच्या पापास औषध पाणी नव्हे, तर अनुताप, कबुली व भरपाई हे होय. १५५१ मध्ये त्रेंत येथे हेच तीन भाग सांगितले गेले.

पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेला, वर्षानुवर्षे मंदिराची पायरी न चढलेला एखादा बंधू या उत्सवास येईल. ‘मला आता सर्व प्रथमपासून करावे लागेल काय?’ असे तो संकोचाने विचारील. वाचकहो, त्यास सांगावे : तुझे नाव वहीत जसेच्या तसे आहे. पापनिवेदनास ये, तेथे काहीही लिहून ठेवीत नाहीत.