त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

(कुंभवली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. चहाच्या टपरीवर, गाडीच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सहज विचारतं, "इंदिराबाई गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होता हो?" की झालं, पुढची पंधरा मिनिटं प्रत्येक जण आपापली हकिकत सांगत बसतो. कोण शाळेत होतं, कोण शिफ्टवर, कोण शेतात. या गप्पांकडे आज इतिहासाचं साधन म्हणून बघायचं आहे. अशा आठवणीवरून काय सांगता येतं, काय सांगता येत नाही आणि आपल्या भागात ती गोळा करायची तर कशी, एवढंच मी बोलणार आहे.

कुंभवलीसारख्या गावात हा प्रश्न विचारण्यात एक वेगळी मजा आहे. शेजारी तारापूरची एमआयडीसी, पलीकडे अणुवीज केंद्र. गेल्या पन्नास वर्षांत इथे बाहेरून किती माणसं आली! त्यामुळे इथल्या एकाच गल्लीत ३१ ऑक्टोबर १९८४ ची आठवण विचारली, तर एक जण इथल्या भातकापणीची सांगेल, दुसरा जळगावची आणि तिसरा बिहारमधल्या एखाद्या स्टेशनची. दिवस एक, पण गाव प्रत्येकाचं वेगळं.

हा प्रश्न अभ्यास म्हणून पहिल्यांदा विचारला गेला अमेरिकेत. अब्राहम लिंकन यांची हत्या १८६५ सालची. त्यानंतर तेहेतीस-चौतीस वर्षांनी कोलग्रोव्ह नावाच्या अभ्यासकाने १७९ प्रौढ आणि वृद्ध माणसांना विचारलं, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता? त्यातल्या १२७ जणांनी जागा, वेळ, कोणी सांगितलं, हे सगळं तपशिलाने सांगितलं. पुढे १९७७ मध्ये ब्राऊन आणि कुलिक या दोघांनी अशा आठवणींना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची उपमा दिली. फ्लॅश पडला, त्या क्षणी समोर जे होतं त्याचा फोटो निघाला आणि तो कायम राहिला.

आता पुढचं ऐका. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उडाल्यावर थोड्याच वेळात फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसर आणि हार्श यांनी आपल्या विद्यापीठातल्या शंभरावर विद्यार्थ्यांकडून ‘काल ही बातमी कशी कळली’ ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतले ४४ जण सापडले, त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यातल्या ११ जणांची एकही मुख्य गोष्ट आधीच्या लिखाणाशी जुळली नाही. पूर्ण जुळली ती फक्त तिघांची. आणि गंमत अशी, की चुकलेले लोकही अगदी छातीठोकपणे सांगत होते! त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी काहींना आपली आजची आठवणच खरी वाटत होती. हे लोक खोटं बोलत नव्हते. आठवण दर वेळी सांगताना थोडी नव्याने बांधली जाते. टीव्हीवर पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं त्यात मिसळतं.

मग अशी आठवण टाकूनच द्यायची का? तर तसंही नाही. ती ज्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते तोच प्रश्न तिला विचारायचा. घटना नेमकी कशी घडली, याचा पुरावा ती नाही. ती सांगते बातमी कशी पोचली, आणि पोचल्यावर कोणाचं काय झालं.

आपल्याकडची तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, ३० जानेवारी १९४८. शुक्रवार. दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनेला जाताना गांधीजींवर संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या. थोड्याच वेळात ते आकाशवाणीवरून जाहीर झालं. मारेकरी हिंदू आहे हेही मुद्दाम सांगितलं गेलं, कारण फाळणीचे दिवस होते आणि अफवेने रक्त सांडलं असतं. त्या काळी खेड्यात रेडिओ असा किती? एखाद्या दुकानात किंवा सधन माणसाच्या घरी. म्हणजे बहुतेकांना बातमी माणसाच्या तोंडून कळली, काहींना त्या रात्री, काहींना दुसऱ्या दिवशी. म्हणून त्या पिढीच्या आठवणीत रेडिओपेक्षा ‘अमक्याने येऊन सांगितलं’ हेच जास्त आढळतं.

पण महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे. मारेकऱ्याचं नाव आणि जात कळल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच दिवसांवर आहे. त्या भागातल्या अशा घरात तुम्ही विचारलंत, "गांधीजी गेले तेव्हा कुठे होता?" तर उत्तर प्रार्थनासभेचं किंवा रेडिओचं येत नाही, घर सोडून निघाल्याचं येतं. त्यांच्या लेखी दिल्लीची संध्याकाळ आणि गावातली ती रात्र ही एकच घटना असते. शेजारच्या घरात याच प्रश्नाचं उत्तर निराळं असतं. आणि कधी कधी समोरचा गप्प बसतो, कारण तो त्या रात्री कुठे होता हे त्याला सांगायचं नसतं. ही चुप्पीसुद्धा इतिहासात धरावी लागते.

दुसरं उदाहरण ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. इंदिरा गांधींवर सकाळी साडेनऊच्या आत गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी रेडिओने दुपारीच त्या गेल्याचं सांगितलं. आकाशवाणीने अधिकृतपणे सांगितलं ते संध्याकाळी. खुद्द राजीव गांधी त्या दिवशी पश्चिम बंगालमध्ये दौऱ्यावर होते आणि परतीच्या वाटेवर बीबीसी ऐकत होते. म्हणजे पंतप्रधानांचा मुलगा आणि गावातला ट्रान्झिस्टरवाला, दोघेही त्या दुपारी एकाच आवाजाला कान लावून होते.

त्यामुळे १९८४ ची आठवण सांगताना एक जण म्हणतो, "दुपारी कळलं", दुसरा म्हणतो, "छे, संध्याकाळी." आपण वाद घालतो. खरं तर दोघेही बरोबर असू शकतात. एकाला बीबीसीने सांगितलं, एकाला आकाशवाणीने. मधले तास अफवेचे होते. कुणाला दुपारी कळलं आणि कुणाला संध्याकाळी, हे लिहून काढलं तर त्या गावात त्या वेळी बातमी कोणत्या रस्त्याने यायची याचा नकाशाच तयार होतो. आणि पुन्हा तेच, दिल्लीतल्या शीख घरात या प्रश्नाचं उत्तर बातमीवर थांबत नाही. तिथे ते पुढच्या तीन दिवसांचं असतं.

तिसरं उदाहरण आपल्या लाईनचं. ११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून सुमारे अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांमध्ये स्फोट झाले. माटुंगा-माहीमपासून वर मिरा रोड-भाईंदरपर्यंत. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, सगळ्या गाड्या चर्चगेटहून सुटलेल्या, घरी परतणाऱ्या माणसांनी भरलेल्या. १८० हून अधिक माणसं गेली, ८०० हून अधिक जखमी झाली.

तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. लोकलही विरारपर्यंतच होती. डहाणूपर्यंत ती आली २०१३ मध्ये. म्हणजे मुंबईला नोकरी करणाऱ्या बोईसर-पालघरच्या माणसाला शटल किंवा लांब पल्ल्याची गाडी धरावी लागे, नाहीतर विरारला गाडी बदलावी लागे. आता विचार करा, त्या रात्री या भागात बातमी कशी आली असेल. मोबाईल तोवर बऱ्याच जणांकडे होते, पण लाईन लागत नव्हती. टीव्हीवर फुटलेले डबे दिसत होते आणि घरचं माणूस त्या डब्यात होतं, मागच्या गाडीत होतं की स्टेशनवर अडकलं होतं, ते कळत नव्हतं. १९४८ ला बातमी उशिरा आली. २००६ ला बातमी लगेच आली, माणसाची खबर उशिरा आली. म्हणून या दिवसाच्या आठवणीत ‘मी कुठे होतो’ याहून ‘आमचे हे किती वाजता घरी आले’ हेच जास्त ठळक असतं. वर्षभर आधीच्या २६ जुलैच्या पुराच्या आठवणीही अशाच घरी पोचण्याच्या आहेत. काहींच्या डोक्यात हे दोन्ही मंगळवार एकमेकांत मिसळलेले असतात. त्यात त्यांचा दोष नाही.

या स्फोटांच्या खटल्यात आठवणीचा प्रश्न थेट न्यायालयात आला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. खटल्याच्या सगळ्या बाजूंत आज जायचं नाही. एक मुद्दा आपल्या विषयाचा आहे. आरोपींना चर्चगेटला सोडलं असं सांगणारे टॅक्सीचालक शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. इतक्या दिवसांनी त्यांना ते चेहरे कसे लक्षात राहिले, यावर उच्च न्यायालयाने विश्वास ठेवला नाही.

हे समजून घ्या. फ्लॅश पडतो तो बातमी कळते तेव्हा. बातमी येण्याआधीचे तास साध्या दिवसाचे असतात. सकाळी टॅक्सीत कोण बसलं, दुपारी दुकानात कोण आलं, हे लक्षात ठेवायचं कारणच नसतं. बातमीनंतरची संध्याकाळ आपल्याला स्वच्छ आठवते, म्हणून तीच खात्री आपण आधीच्या तासांनाही लावतो. गप्पांमध्ये याने काही बिघडत नाही. न्यायालयात मात्र त्यावर कुणाची फाशी अवलंबून असते. आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं, ते लोक एकोणीस वर्षांनीही ‘मग हे केलं कोणी’ असं विचारत बसतात.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या तालुक्याचा. १४ ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’ला अजून आठवडाही झाला नव्हता. पालघरच्या कचेरीवर मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. दर १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी लोक जमतात, हे तुम्हाला माहीत आहे.

पण त्या शुक्रवारी आसपासच्या गावांत काय झालं? मोर्चात कोण गेलं, कोणाला घरच्यांनी अडवलं, बातमी किनाऱ्यावर कोणी आणली, चुली पेटल्या की नाही? त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. हा प्रश्न विचारायला आपल्याकडे आता फार थोडी माणसं उरली आहेत. नावं स्तंभावर राहिली. ‘तुम्ही कुठे होता’ याची उत्तरं बहुतेक त्या त्या घरातच संपली, कारण ती लिहून घ्यावीत असं फार जणांना वाटलं नाही. दिल्लीच्या आणि मुंबईच्या दिवसांबद्दल आपण एकमेकांना विचारतो. आपल्याच कचेरीसमोरच्या दिवसाबद्दल विचारायचं राहून गेलं.

तेव्हा जे अजून हातात आहे ते करू या. घरातल्या मोठ्यांना विचारा, पण ‘तुम्हाला काय वाटलं’ असं विचारू नका. त्यावर सगळे ‘फार वाईट वाटलं’ म्हणतात. विचारा: कोणी सांगितलं? तेव्हा हातात काय काम होतं? काम थांबवलं का? घरातलं कोण बाहेर होतं? नंतर दुकानं किती दिवस बंद राहिली? शेजारी कोणाला भीती वाटत होती? उत्तर आलं की त्यांच्याच शब्दांत लिहा. वाडवळीत सांगितलं तर वाडवळीत, वारलीत सांगितलं तर वारलीत, भोजपुरीत सांगितलं तर भोजपुरीत. खाली आजची तारीख घाला, म्हणजे किती वर्षांनी सांगितलं ते कळेल. नवरा-बायकोच्या हकिकती जुळल्या नाहीत तर जुळवायला बसू नका. दोन्ही वेगळ्या लिहा. आणि आपल्या चाळीत बाहेरगावाहून आलेला जो शेजारी आहे, त्यालाही विचारा. त्याची आठवण दुसऱ्या गावची असेल, पण आज ती कुंभवलीत राहते.

एक शाळकरी वही पुरते. वही भरली की गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा. मला कुणी पाठवली तर मी ती नक्की वाचीन.

आता तुमचे प्रश्न घेऊ.