लापशी, सीमा आणि त्र्याहत्तर किलोमीटर

मंडळी, मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सहाला मी आयझेनाखच्या बाजारचौकात अर्ध्या चड्डीत कुडकुडत उभा होतो. बाख याच गावात जन्मला, १६८५ साली. वरच्या वार्टबुर्ग किल्ल्यात लपलेल्या मार्टिन लूथरने १५२१-२२ च्या सुमारास बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला. अशा गावातून मी मात्र ७३ किलोमीटर पळत श्मीडफेल्ड नावाच्या खेड्याला निघालो होतो. "पण कुणी सांगितलंय?" हा आईचा फोनवरचा प्रश्न रास्त होता.

शर्यतीचं नाव गुट्समुथ्स-रेन्श्टाइगलाउफ. रेन्श्टाइग ही थुरिंगियाच्या जंगलातली, डोंगरमाथ्यावरून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची वाट. कागदपत्रांत तिचा उल्लेख १३३० पासून सापडतो. शतकानुशतकं ती छोट्या छोट्या संस्थानांची हद्द होती. वाटेत अजूनही शेवाळलेले कोरीव सीमादगड दिसतात. तीन राज्यं जिथे भेटायची तिथल्या दगडाला 'तीन धन्यांचा दगड' म्हणतात.

या वाटेवर मे १९७३ मध्ये येना विद्यापीठातले चौघे जण सुमारे १०० किलोमीटर पळाले. (मी डॉक्टरेट केली ती याच येनात, पण आम्ही धावायचो ते फक्त ट्राम पकडायला.) १९७५ पासून शर्यत रीतसर सुरू झाली, शेकड्यांनी लोक आले आणि पुढे हजारांनी.

हे घडलं पूर्व जर्मनीत, हे महत्त्वाचं. तिथे खेळ म्हणजे सरकारी कारखाना. १९६९ च्या एका ठरावाने खेळांची सरळ दोन गटांत विभागणी झाली होती: ऑलिम्पिक पदकं आणणारे, त्यांना पैसा, बाकीच्यांनी आपलं आपण बघावं. जंगलातून शंभर किलोमीटर पळण्याला पदक कुठलं? म्हणजे हा खेळ सरकारच्या हिशेबाबाहेरचा. शर्यतीला नाव दिलं गुट्समुथ्सचं. मुलांना व्यायाम शिकवा, असं १७९३ साली पुस्तक लिहून सांगणारा हा याच भागातला शिक्षक. अशा नावाला कोण हरकत घेणार! हा आपला माझा अंदाज हं.

आमच्या प्रयोगशाळेतले एक निवृत्त तंत्रज्ञ ऐंशीच्या दशकात ही शर्यत पळायचे. त्यांना विचारलं, "तेव्हा एवढं का पळायचात?" म्हणाले, "सरळ रेषेत इतकं लांब जायला दुसरं होतं काय आम्हाला?"

मी हसलो, पण मग नकाशा पाहिला. शर्यतीच्या पुढे, पूर्वेकडे, रेन्श्टाइगचा काही भाग बव्हेरियातून जातो, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतून. जुन्या संस्थानांची हद्द ओलांडायला दगडापलीकडे पाऊल टाकलं की झालं. या नव्या हद्दीवर तारेचं कुंपण होतं आणि बंदूकधारी पहारा. संपूर्ण वाट पुन्हा मोकळी झाली ती १९९० मध्ये.

असो, शर्यतीकडे येतो. पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास इन्सेल्सबर्ग, उंची ९१६ मीटर. सिंहगड चढलेला माणूस यावर हसेल. मीही हसलो होतो. उतारावर गुडघ्यांनी ते हसू वसूल केलं. खाण्याच्या ठिकाणी मिळते ओटची कोमट, पातळ लापशी. रंगरूप आजारी माणसाच्या पेजेचं, पण पन्नास किलोमीटरनंतर तिच्यापुढे श्रीखंड झक मारतं! पुढे थुरिंगियातल्या सर्वांत उंच बेअरबर्गच्या खांद्यावरून वाट जाते, आणि शेवटी उतरून श्मीडफेल्ड. पोचलो एकदाचा. वेळ विचारू नका.

सोमवारी त्या तंत्रज्ञांना फोन केला. अख्खी वाट चालणाऱ्यांची इथे एक रीत आहे: पश्चिम टोकाला हर्शेलमध्ये वेरा नदीतून खडा उचलायचा आणि पूर्वेला ब्लांकेनश्टाइनच्या सेल्बित्स नदीत टाकायचा. त्यांनी तरुणपणी खडा उचलला होता, पण पुढची वाट बंद. मग खडा घरात खिडकीपाशी पडून राहिला. १९९० च्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन ते उरलेली वाट चालले.

"टाकलात मग?"

"मी कुठला," ते म्हणाले, "हिने टाकला. मला सोडवेना."