कोळसा ओढणारी साखळी

1842 साली ब्रिटिश संसदेपुढे खाणीतल्या बालमजुरांचा अहवाल आला. त्यातल्या चित्रांत कमरेला पट्टा बांधलेल्या मुली रांगत चालल्या आहेत. पट्ट्याची साखळी दोन पायांमधून मागे गेली आहे आणि तिला कोळशाची गाडी जोडलेली आहे. त्याच वर्षी कायद्याने बायका, मुली आणि 10 वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली कामाला लावायला बंदी घातली. पण खाणीच्या पोटात माणसाऐवजी यंत्राच्या साखळीनेच कोळसा वाहून न्यायचा, हे जमायला आणखी 60 वर्षं जावी लागली.

ती साखळी आली शेतातून. अमेरिकेत आयोवा राज्यात विल्यम डाना युअर्ट शेतीची अवजारं विकत असे. कापणीयंत्राची साखळी ऐन सुगीत तुटायची आणि शेतकरी ती घेऊन लोहाराकडे धावायचा. युअर्टने चौकोनी कडी बनवली. ठरावीक कोनात वळवली की ती हातानेच निघे. तुटलेली काढा, नवी अडकवा. 1874 साली त्याला पेटंट मिळालं. पुढे याच घराण्यातल्या ‘लिंक-बेल्ट’ कंपनीने साखळीला बादल्या आणि आडव्या पट्ट्या जोडून जमिनीवरचा कोळसा उचलायला सुरुवात केली. तत्त्व आपल्या रहाटगाडग्याचंच, पाण्याच्या जागी कोळसा.

1902 साली इंग्लंडमधल्या डरहॅम भागात डब्ल्यू. सी. ब्लॅकेटने खाणीतच, कोळशाच्या भिंतीलगत लोखंडी पन्हळ टाकली. तिच्यात फिरणारी साखळी आडव्या पट्ट्यांनी कोळसा खरवडत पुढे ढकले. अडचण एकच, पण मोठी. भिंत खणली गेली की ती मागे सरते. मग पन्हळ सुटी करायची, पुढच्या रांगेत नेऊन पुन्हा जोडायची. त्यात कामाचे तास जात.

ही अडचण 1940च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत सुटली, आणि माझ्या मते या कुळातला खरा पराक्रम हाच. ल्युनेनच्या वेस्टफालिया कारखान्याने पन्हळीचे जाड पोलादी तुकडे केले आणि ते एकमेकांना घट्ट न जोडता सांध्यात थोडी ढील ठेवली. अख्खी पन्हळ आता न सोडता, सापासारखी वळत भिंतीकडे सरकवता येऊ लागली, तीही साखळी चालू असताना. खाणकामगार तिला ‘पँझर’ म्हणू लागले. चिलखतच ते! वरून दगड पडले तरी दबत नसे.

चिलखत भार पेलतं म्हटल्यावर यंत्रही त्यावरच चढवलं गेलं. 1952च्या सुमारास लँकेशरमध्ये जेम्स अँडर्टनने दातेरी ढोल फिरवत कोळसा कापणारं यंत्र याच पन्हळीवरून चालवलं. कोळसा वाहणारी वस्तू कापणाऱ्या यंत्राचा रूळही झाली. पुढे छताला टेकू देणारे हायड्रॉलिक खांबही तिलाच जोडले गेले. खांबांनी तिला पुढे ढकलायचं आणि मग तिलाच धरून स्वतः पुढे यायचं.

रबरी पट्टा इथे का नाही, असं कुणी विचारेल. साखळी घासत चालते, वीज बेसुमार खाते. हिशेबात पट्टा सरसच. पण त्याला असं आडवं वळता येत नाही आणि दगडाच्या माऱ्यात तो फाटतो. म्हणून भिंतीपाशी साखळी, तिथून पुढच्या लांब बोगद्यात पट्टा, अशी वाटणी झाली ती आजतागायत.

साखळीचीही जात बदलली. युअर्टची सुटी कडी इथे टिकणारी नव्हतीच. आता गोल सळीच्या वेल्ड केलेल्या कड्या असतात, एक उभी, एक आडवी. आडवी कडी दातेरी चाकाच्या खाचेत बसते, म्हणून सगळ्यांची लांबी काटेकोर सारखी लागते. कड्या एकमेकींत झिजत जातात तशी साखळी लांबते, खाच चुकते आणि चाकावर उसळते. जमिनीवरच्या कोळसा धुण्याच्या केंद्रात साखळीचं काम त्यामानाने शांत. भोकं पाडलेल्या बादल्या ओला कोळसा हळूहळू वर नेतात आणि वाटेत पाणी गळून जातं.

भारतात झरियाच्या मुनीडीह खाणीत 1978 साली हायड्रॉलिक टेकूंसह ही पूर्ण पद्धत आली. आपल्या विदर्भात उघड्या खाणींचा बोलबाला, तिथे डंपरच लागतात. भूमिगत खाणींत मात्र अनेक ठिकाणी सुरुंगाने फोडलेला कोळसा एसडीएल (साइड डिस्चार्ज लोडर) यंत्र उचलून हलक्या साखळी-कन्व्हेयरवर ओततं, आणि तो तिथून पट्ट्यावर जातो.