आगबोटीवरची पोस्त

दिवाळी चार दिवसांवर आली की दाराची कडी वाजू लागते. पोस्टमन, वर्तमानपत्र टाकणारा पोऱ्या, गॅसची टाकी आणणारा, रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा, सगळे हसतमुखाने उभे राहतात आणि एकच शब्द उच्चारतात, 'पोस्त!' मोठा सोयीचा शब्द आहे हा. ती भीक नव्हे, पगार नव्हे, लाच तर नव्हेच. मागणाऱ्याला मागताना संकोच वाटत नाही आणि देणाऱ्यानेही, फराळाच्या बशीशेजारी नोट ठेवताना, आपण फार मोठा दानधर्म केला असे मानू नये, असा तो व्यवहार आहे. वर्षातून एकदाच येते म्हणून पोस्तीचा गोडवा टिकतो. पण समजा, एखाद्या धंद्यात माणसाचे बारा महिने पोस्तीवरच भागत असले तर? आणि 'याला पोस्त मिळतेच आहे, मग पगार थोडका दिला तरी चालेल' असा हिशेब मालकानेच आधी मांडून ठेवला असला तर? असा धंदा आहे. उतारूंच्या मोठ्या आगबोटींवर ताटे वाढणाऱ्या, बिछाने घालणाऱ्या, बूट पुसणाऱ्या माणसांचा तो धंदा, आणि त्याने आपल्याकडच्या, विशेषतः गोव्याच्या, कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत.

या रिवाजाचे मूळ समुद्रावर नाही, जमिनीवर आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात कुणा उमरावाकडे पाहुणा म्हणून जेवायला गेले, की निघताना दिवाणखान्यापासून दारापर्यंत नोकरांची रांग उभी असे. टोपी देणाऱ्याला काही, काठी देणाऱ्याला काही, घोडा धरणाऱ्याला काही, असे करीत पाहुण्याचा खिसा दाराशी येईतो हलका होई. या देणगीला 'व्हेल्स' म्हणत. नोकराचा पगार ठरवताना धनी ही व्हेल्स धरूनच बोलत, म्हणजे यजमानाच्या नोकराचा पगार पाहुण्याने द्यायचा! जोनास हॅनवे नावाच्या गृहस्थाने १७६० च्या सुमारास या चालीवर पत्रांचे एक पुस्तकच लिहिले. (लंडनच्या रस्त्यांतून छत्री घेऊन हिंडणारा पहिला पुरुष म्हणून ज्याची टर उडवली गेली, तोच हा हॅनवे. छत्री टिकली, व्हेल्सही वेगळ्या नावाने टिकली.) काही घरांनी ही चाल बंद करायचे ठरवले तेव्हा १७६४ मध्ये लंडनच्या रॅनली बागेत नोकरांनी दंगा केला. त्यांना दोष कसा द्यावा? बंद होणार होती ती पाहुण्याची देणगी. पगार कुठे वाढणार होता?

पुढे वाफेची जहाजे आली आणि उमरावाचे घरच समुद्रावर तरंगू लागले. दिवाणखाना, भोजनगृह, झुंबरे, वाद्यवृंद सगळे त्यात होते, आणि नोकरांची ती रांगही होती. प्रवासाच्या शेवटच्या दिवशी, बंदर दिसू लागले की उतारूने आपल्या स्टुअर्डच्या हातात पैसे ठेवायचे, हा अलिखित कायदा झाला. त्या पैशांतून स्टुअर्डलाही वाटे काढावे लागत. आपल्या टेबलाला चांगला पदार्थ गरम गरम मिळावा म्हणून मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याचा हात ओला करावा लागे. पोस्तीच्या पोटात अशी आणखी पोस्त असे.

हे सारे गणित उघडे पडले ते एका रात्री. 'टायटॅनिक'ची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. चित्रपटामुळे तर घरोघरच्या मुलांनाही ती पाठ आहे. पण त्या बोटीवरच्या पगारपत्रकाकडे फारसे कुणी पाहत नाही. तिच्यावर ८८५ नोकर होते. त्यांतले बोट हाकणारे, म्हणजे डेकवरचे, केवळ ६६. कोळसा आणि यंत्रे सांभाळणारे ३२५. उरलेले ४९४ हे उतारूंच्या खाण्यापिण्याची आणि सुखसोयींची व्यवस्था पाहणारे. यांतल्या साध्या स्टुअर्डचा पगार महिना ३ पौंड १५ शिलिंग. त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे आपले छप्पन्न रुपये चार आणे. याच बोटीवर कार्डेझा नावाच्या एका अमेरिकन बाई, त्यांचा मुलगा आणि दोन नोकर यांच्या खोल्यांचे भाडे ५१२ पौंडांहून अधिक झाले होते. स्टुअर्डने एक पैही खर्च न करता पगार साठवला असता, तर त्याला तेवढे जमवायला अकरा वर्षांवर लागली असती. तरीही ही नोकरी मिळाली म्हणून साउदम्प्टनमध्ये घरोघर आनंद झाला होता, कारण कोळसा खाणींच्या संपामुळे बोटी अडकून पडल्या होत्या आणि माणसे महिनाभर रिकामी बसली होती. शिवाय पहिल्या वर्गाचे उतारू म्हणजे अमेरिकेतले लक्षाधीश. शेवटच्या दिवशीची पोस्त केवढी पडेल याचे मनोराज्य कुणी केले नसेल?

बोट न्यूयॉर्कला बुधवारी लागायची होती. ती १५ एप्रिल १९१२ रोजी, सोमवारी पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडाली. पोस्तीचा दिवस उजाडलाच नाही. आणि त्याच मिनिटाला नोकरांचे पगारही बंद झाले. यात व्हाइट स्टार कंपनीने काही खास दुष्टपणा केला असे नव्हे. तेव्हाचा इंग्लंडचा कायदाच तसा होता. जहाज फुटले की करार संपला आणि करार संपला की पगार संपला. १० तारखेला साउदम्प्टन सोडल्यापासून मोजले तर दिवसाला अडीच शिलिंग, सहा दिवसांचे पंधरा शिलिंग. बर्फाच्या पाण्यातून जो जिवंत निघाला त्याचा हिशेब एवढा, आणि जो निघाला नाही त्याचाही तेवढाच. साउदम्प्टन शहरातली पाचशेंवर माणसे त्या एका रात्रीत गेली.

आता एक गंमत पाहा. पोस्त हा पगाराचाच भाग आहे, ही गोष्ट इंग्लंडच्या न्यायाधीशांनी या आधीच, १९०८ मध्ये, मान्य केलेली होती. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातल्या एका वाढप्याच्या नुकसानभरपाईचा तो खटला होता. मालकाला ठाऊक असताना, उघडपणे आणि नेहमी मिळणारी बक्षिसी माणसाच्या कमाईत धरली पाहिजे, असा निकाल झाला. म्हणजे नुकसानभरपाई देताना बक्षिसी ही कमाई. पण रोजचा पगार देताना ती केवळ उतारूची मर्जी!

बोटीवरच्या आठ वादकांची कथा तर याहून विलक्षण आहे. बोट बुडेपर्यंत ते वाजवीत राहिले आणि आठही जण गेले. ते कंपनीचे नोकर नव्हतेच. लिव्हरपूलच्या ब्लॅक बंधूंच्या एजन्सीने सगळ्या मोठ्या कंपन्यांशी करार करून वादक पुरवण्याचा मक्ता घेतला होता, आणि पूर्वी जो पगार साडेसहा पौंड होता तो चार पौंडांवर आणला होता. गणवेशाचा भत्ताही गेला. यांत डमफ्रीस गावचा जॉन ह्यूम नावाचा एकवीस वर्षांचा व्हायोलिनवादक होता. ३० एप्रिल रोजी, म्हणजे पोरगा जाऊन पुरता पंधरवडा झाला तेव्हा, त्याच्या बापाला एजन्सीचे पत्र आले. मुलाकडून ५ शिलिंग ४ पेन्स येणे आहे ते पाठवावे, आणि सोबतचे गणवेशाचे बिलही चुकते करावे. बिल होते १४ शिलिंग ७ पेन्सचे. बापाने ते पत्र वादकांच्या संघटनेकडे दिले आणि संघटनेने ते जसेच्या तसे छापले. पुढे भरपाईसाठी या घरच्या मंडळींनी कोर्टाची पायरी चढली. कंपनी म्हणे हे एजन्सीचे, एजन्सी म्हणे विमेवाल्यांना विचारा, आणि विमेवाले म्हणाले की ही माणसे कुणाचीच नोकर नव्हेत! कोर्टानेही नाइलाजाने तेच उचलून धरले. शेवटी लोकवर्गणीच्या निधीतून त्यांना मदत मिळाली. जिवंतपणी श्रोत्यांच्या मर्जीवर आणि मेल्यावर वर्गणीवर.

जहाज बुडाले तरी खलाशाला दोन महिन्यांपर्यंत पगार मिळाला पाहिजे, हा ठराव १९२० मध्ये जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत झाला, आणि इंग्लंडने त्याचा कायदा केला १९२५ मध्ये.

पण ही झाली गोऱ्या नोकरांची हकिगत. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेला निघणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर वेगळीच माणसे काम करीत. डेकवर पुष्कळदा रत्नागिरीकडचे, काठेवाडचे खलाशी, त्यांचा सारंग आणि तांडेल. भट्ट्यांजवळ पंजाबी आणि पठाण. आणि उतारूंच्या भोजनगृहात गोवेकर ख्रिस्ती. गोमांस, डुकराचे मांस किंवा दारू यांचा विटाळ नाही, विलायती स्वयंपाक येतो आणि वाद्येही वाजवता येतात, म्हणून कंपन्यांनी गोवेकरांना खाणावळीकडे घेतले. कोकणीत अशा माणसाला तारवटी म्हणतात. साष्टी आणि बारदेश या तालुक्यांतल्या गावांत, ज्या घरात एकही तारवटी झाला नाही असे घर शोधावे लागेल.

या सर्वांना इंग्रजी कायद्यात एकच नाव होते, लास्कर, आणि त्यांच्याशी करार करण्याचे कलमही वेगळे होते. त्या कराराप्रमाणे त्यांना गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून पाचव्या हिश्श्यापर्यंत पगार मिळे. बोट तीच, वादळ तेच, सूप तेच, पगार मात्र निराळा. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांच्या वर लास्कर होते. विलायतेतला स्टुअर्ड पोस्तीवर जगे, तर आमच्या माणसाला नोकरी मिळण्याआधीच पोस्त द्यावी लागे! बंदरावरचा घाट सारंग आणि दलाल यांचे हात ओले केल्यावाचून बोटीवर नाव चढत नसे. १९२२ मध्ये सरकारने नेमलेल्या क्लो समितीने या लाचखोरीची चौकशी केली. कर्ज काढून लाच द्यायची, आणि ते कर्ज फेडायचे उतारूंच्या बक्षिसीतून, असा हा समुद्राएवढा फेरा होता.

बोट मिळेपर्यंतचे महिने काढायचे कुठे, याचे उत्तर गोवेकरांनी स्वतःच शोधले. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावाच्या 'कुडी' निघाल्या. कूड म्हणजे साधी खोली. पण तीत गावचा देव, गावची माणसे आणि गावची शिस्त. भिंतीला पेट्या रांगेने लावलेल्या, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणायची, महिन्याची नाममात्र वर्गणी भरायची आणि रात्री जमिनीवर अंथरूण टाकायचे. जेर महाल इमारतीत अशा अनेक कुडी होत्या. आजही काही टिकून आहेत, आणि आजही क्रूझच्या बोटीवर चढायला निघालेला एखादा तरुण तिथे दोन रात्री काढतो. ज्या धंद्याने पगाराचा भरवसा दिला नाही त्या धंद्यातल्या माणसांनी आपला भरवसा असा वर्गणीतून उभा केला. ह्या कुडींवर कुणीतरी एक मोठी कादंबरी लिहायला हवी, असे मला नेहमी वाटते.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी बोटीबोटींवर संप केले. पाणबुड्यांच्या तोंडी जायचे ते पाचव्या हिश्श्यावर का, हा त्यांचा सरळ सवाल होता. कित्येकांना तुरुंगात टाकले, पण पगार वाढवावा लागला. तरी भेद मिटला नाही. विलायतेत वर्णभेदाविरुद्ध १९७६ चा कायदा झाला. त्यातही परदेशात भरती केलेल्या खलाशांना कमी पगार देण्याची मुभा एका कलमाने राखून ठेवली होती.

विमाने आली, विलायतेच्या बोटी बंद पडल्या, आणि त्यांच्या जागी मौजेच्या बोटी आल्या. कुठे पोहोचायचे नाही, केवळ फिरायचे आणि खायचे. मालक कंपन्या अमेरिकेत बसलेल्या, पण नोंदणी कुणाची पनामात, कुणाची लायबेरियात, कुणाची बर्म्युडात, म्हणजे अमेरिकेचा पगाराचा कायदा लागू नको. पोस्तही आता पाकिटातून देत नाहीत. माणशी दिवसाला सुमारे सोळा ते वीस डॉलर उतारूच्या खात्यावर आपोआप चढतात. नको असेल त्याने काउंटरवर जाऊन काढून टाकावेत. ज्याने आठ दिवस आपला बिछाना घातला त्याचे तोंडही न पाहता त्याची पोस्त रद्द करण्याची ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो.

२०१२ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रांत छापून आले की पी. अँड ओ. क्रूझेस आपल्या भारतीय नोकरांना महिना २५० पौंड मूळ पगार देते, म्हणजे तासाला ७५ पेन्स. इंग्लंडात त्या वेळी तासाचा किमान पगार ६ पौंड ८ पेन्स होता. बाकीची भरपाई बक्षिसीने आणि बोनसने व्हायची. पुढे २०१९ मध्ये या कंपनीने खात्यावर चढणारी बक्षिसी बंद करून ती रक्कम तिकिटातच धरली. खलाशांच्या हक्कांचा जागतिक करार २०१३ पासून लागू आहे. त्याने पगार दरमहा द्या, चोवीस तासांत दहा तास विश्रांती द्या, असे बंधन घातले आहे. किमान पगाराचा आकडाही ठरतो, पण तो डेकवरच्या कुशल खलाशाचा. वाढप्याचा आकडा त्या तक्त्यात नाही.

२०२० च्या मार्चमध्ये साथ आली आणि उतारू उतरून गेले. बोटी समुद्रात तशाच उभ्या राहिल्या, आत कामकरी अडकलेले. टेबले रिकामी होती, खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून पोस्त शून्य. आणि अनेकांचा करार संपला म्हणून पगारही थांबला. 'मरेला डिस्कव्हरी' नावाची बोट एप्रिलमध्ये कितीतरी दिवस मुंबईसमोर उभी होती. तिच्यावरच्या सुमारे १४५ भारतीयांना आपले शहर डोळ्यांसमोर दिसत असूनही २३ तारखेपर्यंत किनाऱ्याला पाय लावता आला नाही. त्या दिवसांत गोव्यात तारवटींच्या बायका-मुलांनी सरकारकडे अर्जविनंत्या केल्या.

त्यानंतर, २०२१ मध्ये, गोवा सरकारने निवृत्त तारवटींसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी महिना अडीच हजार रुपयांची पेन्शन योजना आणली. आजच्या भावाने मौजेच्या बोटीवरचा एक उतारू दोन दिवसांत जेवढी पोस्त भरतो, जवळजवळ तेवढी.