सूत आणि मायक्रॉन

लेथ-मिलिंगवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस रंधा हातात घेतो आणि महिन्याभरात वैतागतो. तक्रार ठरलेली: लाकडाला शिस्त नाही. काल मापात बसलेली फळी आज फुगते, रंधा रेषांच्या उलट फिरला की टवका उडतो, आणि सुतार तर सुतात बोलतो, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. जिथे मायक्रॉनची भाषा नाही तिथे अचूकता कसली? टूलरूममध्ये वीस वर्षं काढलेला मीही हेच म्हणत असे. त्यामुळे हा पूर्वपक्ष मला आतून ठाऊक आहे, आणि तो चूक आहे असं आज मी ठामपणे म्हणतो.

दोष लक्षणातच आहे. ‘लहान आकड्यात मोजलेलं ते अचूक’ या व्याख्येत अव्याप्ती आहे, कारण खुद्द लोखंडकामाचा पायाच तिच्याबाहेर राहतो. सपाट सरफेस प्लेट मुळात तयार कशी होते? जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली मांडलेली रीत अशी: तीन प्लेटा घ्यायच्या, रंग लावून आळीपाळीने एकमेकींवर टेकवायच्या आणि जिथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडायचा. दोनच प्लेटा असल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट राहूनही जुळतात. तिसरी ही लबाडी उघड करते. या सगळ्यात आकडा कुठेच येत नाही, नुसती तुलना असते. सुतार खाचेवर लाकूड धरून कुसवाची रुंदी चाकूने थेट आखून घेतो, तेव्हा तो याच घराण्यातलं काम करत असतो. पेन्सिलीच्या रेघेला अर्धा मिलिमीटर जाडी असते. चाकूच्या रेघेत पटाशीची धार आपोआप जाऊन बसते.

दुसरा आक्षेप असा, की धातू स्थिर आणि लाकूड चंचल. मग मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान का ठरवावं लागलं? एक मीटर पोलाद दर अंशाला साधारण ११–१२ मायक्रॉन वाढतं. धातूही हलतोच. त्याचं हलणं आपण वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवलं आहे, एवढंच. लाकूड उष्णतेपेक्षा ओलाव्याने हलतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळपास नाहीच, आडव्या रेषेत मात्र भरपूर.

हे मला एका खणाने शिकवलं. एप्रिलमध्ये सागवानाचा खण केला, बाजूच्या फळ्या २०० मिलिमीटर उंचीच्या. व्हर्निअर लावून वरखाली मिळून ०.२ मिलिमीटर मोकळीक ठेवली आणि खण सुळकन सरकला तेव्हा फार अभिमान वाटला. जुलैत तो असा अडकला की मूठ हातात आली. हिशेब नंतर केला. आडवी चिरलेली सागाची फळी ओलाव्यात चार टक्के वाढ झाली की त्या रुंदीला सुमारे दीड मिलिमीटर फुगते. सुताराने तिथे अर्धं सूत जागा सोडली असती, आणि मी त्याला ढिसाळ म्हटलं असतं. तोच सुतार खणाच्या कोपऱ्यांवरचे सांधे मात्र केसाचीही फट न ठेवता बसवतो, कारण तिथे दोन्ही फळ्या एकाच दिशेने, बरोबरीने फुगतात. दाराच्या चौकटीतली फळीही तो सरस न लावता खोबणीत मोकळी ठेवतो, तिला श्वास घेऊ देतो. कुठे घट्ट आणि कुठे सैल, हे तो झाडाच्या रेषा वाचून ठरवतो.

तरीही ‘लाकडातून सूक्ष्म काम निघत नाही’ असं कुणी म्हणालंच, तर जॉन हॅरिसनकडे (१६९३–१७७६) बोट दाखवावं लागेल. समुद्रावर रेखांश सांगणारं घड्याळ घडवणारा हा माणूस सुताराचा मुलगा आणि स्वतः सुतार. त्याच्या सुरुवातीच्या घड्याळांची चाकं ओकची आहेत. दात कमकुवत आडव्या रेषेवर तुटू नयेत म्हणून त्याने ते वेगळ्या तुकड्यांतून कापून चाकाच्या कडेत बसवले, रेषा केंद्राकडे रोखलेल्या. फिरते भाग लिग्नम व्हिटी या तेलकट लाकडात बसवले, म्हणजे वंगणाची गरजच उरली नाही. इंग्लंडमधल्या ब्रॉकल्सबी पार्कचं त्याचं मनोऱ्यावरचं घड्याळ १७२२ च्या सुमाराचं. ते आजही चालतं. आणि लंबकासाठी हा सुतार धातूकडे वळला, तेव्हा त्याला पितळ आणि पोलाद यांच्या कांड्या शेजारीशेजारी जोडाव्या लागल्या, म्हणजे एकीची वाढ दुसरीने खाऊन टाकावी. लाकडाची चाल ओळखून काम करायची सवय त्याने धातूवरही वापरली.

धातूकाम करणाऱ्यांची एक तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो. बाजारात पुरेसं न सुकलेलं लाकूड सुकं म्हणून गळ्यात मारलं जातं. असं लाकूड कुणाच्याही हातात वाकडंच होणार, मग तो सुतार असो की फिटर. म्हणून आता मी वखारीत ओलावा मोजायचं यंत्र घेऊन जातो, फळीच्या मधोमध टोचतो, आणि आकडा बाराच्या वर गेला की ती फळी तिथेच ठेवून येतो.